उणं कोणाचं?

बालमित्रांनो, आधी एक कोडं घालतो.

एका पडद्यावर चार खुणा उमटल्या आहेत. पहिली इंग्रजी टी. दुसरी इंग्रजी ओ. तिसरी ^ ही टोपी. चौथी खूण ? म्हणजे प्रश्नचिन्ह. या चार खुणांमध्ये आपल्या महाराष्ट्रातल्या एका गावाचं नाव लपलं आहे. ओळखा पाहू!

नाही ना येत? मलाही आलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे ते माझंच गाव होतं! वरूड. अमरावती जिल्ह्यातलं, चुडामणी नदीच्या काठचं, संत्र्यांच्या बागांनी वेढलेलं वरूड. या चार खुणांनी मला एकदा असा घाम फोडला, की आज इतकी वर्षं झाली तरी मी तो दिवस विसरलेलो नाही. तीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे.

साल १९९५. महिना डिसेंबरचा. आंबिया बहाराची संत्री तोडायचे दिवस. मी नुकताच शिक्षण संपवून अमरावतीला संगणक बसवून देणाऱ्या एका लहानशा दुकानात नोकरीला लागलो होतो. वरूडच्या एका संस्थेत आम्ही संगणक बसवला होता. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण चूक तिची नव्हतीच. सभासद सगळे आजूबाजूच्या गावांतले शेतकरी. त्यांची नावं, गावं, हिशेब मराठीत ठेवायचे आणि पावतीही मराठीतच छापायची, असं ठरलं होतं. त्या काळी ही मोठी नवलाची गोष्ट होती बरं का!

आता तुमच्या घरी असतो तसा तो संगणक नव्हता. खरा संगणक एकच, आतल्या खोलीत. बाहेरच्या टेबलांवर होती चार 'टर्मिनलं'. टर्मिनल म्हणजे नुसता पडदा आणि कळफलक. त्याला स्वतःचं डोकं नाही! तुम्ही कळ दाबली की अक्षराचा आकडा तारेतून आतल्या खोलीत जायचा. संगणक तो वाचायचा आणि उलट टपाली परत पाठवायचा, तेव्हा कुठे अक्षर पडद्यावर दिसायचं.

यातल्या एका टर्मिनलवर बसायचे संस्थेचे मोठे बाबू. मी त्यांना काकाजी म्हणायचो. तीस वर्षं त्यांनी टाकाने आणि नंतर पेनाने खातेवह्या लिहिल्या होत्या. अक्षर असं, की छापलेलं वाटावं. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते कळफलक शिकले. रोज संध्याकाळी सगळे घरी गेले की एकटेच अर्धा तास बसून सराव करायचे.

एके दिवशी मी सहज डोकावलो, तर काकाजी म्हणाले, "पोट्ट्या, हे पुसाचं बटन दाबलं का पुसत नाई, उलट दुसऱ्याच दोन खुना उमटते. याले काही इलाज हाय का?"

मी पाहिलं. कामाच्या पडद्यावर सगळं ठीक होतं, पण संगणकाला थेट आज्ञा द्यायच्या जागी पुसायची कळ दाबली की ^ आणि इंग्रजी एच उमटत होतं. हा तर माझ्या डाव्या हातचा मळ! टर्मिनलने कोणती कळ 'पुसायची' म्हणून समजायची, किती वेगाने बोलायचं, टाइप केलेलं अक्षर पडद्यावर दाखवायचं की लपवायचं, हे सगळं एका आज्ञेनं ठरवता येतं. त्या आज्ञेचं नाव 'एसटीटीवाय'.

नाव विचित्र आहे ना? पण त्यामागे इतिहास आहे. त्या संगणकावर 'युनिक्स' नावाची प्रणाली चालायची. ती १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत जन्माला आली. तेव्हा संगणकाशी बोलायला पडदेसुद्धा नसायचे. असायचं टेलिटाइप, म्हणजे मोठ्या तारघरांत तारा छापणारं यंत्र असे, त्याचा भाऊच. खडखड करत सेकंदाला दहा अक्षरं कागदावर छापायचं. 'टीटीवाय' म्हणजे टेलिटाइप, आणि 'एस' म्हणजे सेट, नीट लावणे. कागदाचं यंत्र गेलं, पडदा आला, पण नाव तेच राहिलं. घोडे गेले तरी मोटारीची ताकद आपण अश्वशक्तीतच मोजतो ना, तसंच हे!

तर, माझ्या खिशात एक वही असायची. दुसऱ्या एका कार्यालयात मी हीच पुसायच्या कळीची अडचण सोडवली होती, आणि ती आज्ञा वहीत उतरवून घेतली होती. मी वही उघडली आणि सबंध ओळ जशीच्या तशी उतरवली. तीही अशा फाइलमध्ये, जी संगणक रोज सकाळी काम सुरू करताना आपली आपण वाचतो. म्हणजे पुन्हा कटकट नको!

मग काकाजींना इंग्रजी अक्षरं टाइप करायला लावली. त्यांनी 'एबीसीडी' लिहिलं आणि एकेक अक्षर पुसलं.

"आता कसं!" ते खूश होऊन म्हणाले. "आता पुसते बरोबर."

त्यांनी मला दोन संत्री दिली. मी ती खात खात मोर्शीमार्गे जाणाऱ्या लाल गाडीने अमरावतीला परतलो. स्वतःवर भलताच खूश होतो हो मी!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकाजींनी नव्या सभासदाचं गाव लिहायला घेतलं. 'वरूड' टाइप केलं, आणि पडद्यावर आलं काय? टी, ओ, टोपी आणि प्रश्नचिन्ह! पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. दुसऱ्या टर्मिनलवर लिहिलं, तरी तेच.

साहेब आले. त्यांनी पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मोठे बाबू, रोज संध्याकाळी एकटे बसून काय काय दाबत असता तुम्ही? घातला ना घोळ!"

"मी काहीच नाई केलं जी, साहेब," काकाजी एवढंच म्हणाले.

साहेबांनी आमच्या दुकानात निरोप दिला. पण दुकानात आम्ही माणसं दोन आणि गावं पंचवीस. मला वरूडला पोचायला आठवडा लागला. तोवर तिथं ठरत आलं होतं, की मराठीचा हट्ट सोडावा आणि नावं सरळ इंग्रजीत लिहावीत. विचार करा, ज्या शेतकऱ्याला आपलं नाव मराठीत कसंबसं वाचता येतं, त्याच्या हातात इंग्रजी पावती! त्यानं ती कोणाकडून वाचून घ्यायची? आणि 'ठ' लिहायचा तर इंग्रजीत 'टीएच', 'थ' लिहायचा तरी 'टीएच'. मग 'पाठक' आणि 'पाथक' यांतला फरक कसा कळणार?

मी कार्यालयात शिरलो तेव्हा काकाजी आपल्या जुन्या खातेवहीवर मान घालून लिहीत होते. टर्मिनलवर कापड टाकलेलं होतं. मला पाहून त्यांनी खातेवहीतून एक कागद काढला.

"हे पाय," ते हळूच म्हणाले. "'वरूड' लिवलं का हे येते. आन 'जरूड' लिवलं तवा हे आलं. पयली खून निराळी, मांगच्या तीन सारख्याच. बिघडलेलं यंत्र इतक्या नेमानं बिघडते का कधी?"

मी कागद पाहिला. जरूड हे वरूडजवळचं गाव. त्याच्यासमोर लिहिलं होतं : आधी दोन टिंबं एकाखाली एक, मग ओ, मग टोपी, मग प्रश्नचिन्ह. खरंच की! 'रूड' दोन्हीकडे सारखं, म्हणून मागच्या तिन्ही खुणा सारख्या. काकाजींनी त्या पहिल्या दिवशी अशी वीस-बावीस नावं उतरवून ठेवली होती. बोलणी खाल्ली, पण डोळे उघडे ठेवले होते!

मग मी जुनी नावं पडद्यावर काढली. ती सुरेख मराठीत दिसली. म्हणजे पडदा ठीक, साठवलेली माहिती ठीक. घोळ होता तो कळफलकाकडून संगणकाकडे जाताना. मी संगणकाला विचारलं, 'एसटीटीवाय -ए'. म्हणजे, 'बाबा रे, टर्मिनलबद्दल तू सध्या काय काय ठरवून बसला आहेस ते सगळं सांग.'

पडद्यावर यादी आली. या यादीत एक सोपा नियम असतो. शब्दाच्या आधी उणे चिन्ह असेल तर ती गोष्ट बंद, उणे नसेल तर चालू. मी एकेक शब्द वाचत गेलो आणि एका शब्दापाशी थांबलो. 'आयस्ट्रिप'. त्याच्या आधी उणे नव्हतं.

माझ्या पोटात धस्स झालं. वही न उघडताच मला आठवलं. त्या दुसऱ्या कार्यालयातून उतरवलेल्या ओळीत दोन गोष्टी होत्या : एक पुसायची कळ, आणि दुसरी हीच, 'आयस्ट्रिप'!

आता 'आयस्ट्रिप' काय करतं ते समजून घ्या. समजा, एका ओळीत आठ दिवे आहेत. डावीकडून त्यांची किंमत १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १. जे दिवे लागलेले असतील त्यांची बेरीज म्हणजे अक्षराचा आकडा. इंग्रजी अक्षरांसाठी १९६३ साली 'अॅस्की' नावाची आकड्यांची यादी ठरली. तिला ० ते १२७ एवढेच आकडे पुरतात, म्हणजे उजवीकडचे सात दिवे. मग १२८ चा दिवा रिकामाच! म्हणून पुष्कळ ठिकाणी तो पहारेकऱ्यासारखा वापरत. तारेत खरखर होऊन अक्षर बिघडलं नाही ना, हे तपासायला. तपासून झालं की त्याचं काम संपलं, म्हणून संगणक तो विझवून टाकी. हे विझवणं म्हणजेच 'आयस्ट्रिप'. इंग्रजीत काम करणाऱ्याचं त्यात काहीच बिघडत नाही.

पण आपलं काय? आपल्या लिप्यांसाठी १९९१ साली भारताचं अधिकृत मानक झालं, 'इस्की'. त्यात इंग्रजी अक्षरांना धक्का न लावता आपली अक्षरं वरच्या अर्ध्या भागात बसवली. म्हणजे आपल्या प्रत्येक अक्षरात १२८ चा दिवा लागलेलाच असतो! आमची टर्मिनलं 'जिस्ट' या तंत्रावर चालायची. या तंत्राची सुरुवात कानपूरच्या आयआयटीत झाली, आणि पुढे १९८८ साली सुरू झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते वाढवलं. ही टर्मिनलं इस्कीचेच आकडे पाठवायची.

आता पाटी-पेन्सिल घ्या. इस्कीत 'व' चा आकडा २१२. म्हणजे १२८ अधिक ६४ अधिक १६ अधिक ४. त्यातला १२८ चा दिवा विझवा. राहिले ८४. इंग्रजी ए चा आकडा ६५, बी चा ६६, असं मोजत गेलात की ८४ वर कोण येतं? टी! 'र' चा आकडा २०७. त्यातून १२८ गेले की राहिले ७९, म्हणजे ओ. दीर्घ उकार २२२, राहिले ९४, ती टोपी. 'ड' चा १९१, राहिले ६३, ते प्रश्नचिन्ह. झालं वरूड! सुटलं ना कोडं?

म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतंच. त्याला सांगितलेलं काम ते इमानदारीनं करत होतं. सांगणाराच चुकला होता. आणि तो सांगणारा मी होतो.

मुलांनो, खरी गोष्ट आता येते. साहेब आपल्या खोलीत होते. काकाजी चहा आणायला सांगायला बाहेर गेले होते. माझ्यासमोर पडदा होता आणि कोणी पाहत नव्हतं. ती ओळ दुरुस्त करायला मला एक मिनिटही लागलं नसतं. मग सांगायचं, 'झालं बुवा ठीक!' सगळ्यांनी माझी पाठ थोपटली असती. काकाजींनी काहीतरी दाबलं होतं, असंच सगळे धरून चालले असते. खोटंही बोलावं लागलं नसतं. नुसतं गप्प बसलं की काम झालं!

मी गप्प बसलोही. अगदी खरं सांगतो, पाच-सात मिनिटं मी नुसता बसून होतो. नोकरी नवी होती. साहेबांनी दुकानात तक्रार केली तर? तेवढ्यात नजर काकाजींच्या त्या कागदाकडे गेली. किती टापटीप अक्षर! बोलणी खाल्ल्यावरही त्या माणसानं नेटकेपणा सोडला नव्हता. मला त्या कागदाकडे पाहवेना.

मी उठलो आणि साहेबांना बोलावून आणलं. काकाजीही आले. बाकीचेही जमले. मी म्हणालो, "साहेब, हे मी केलं. मागच्या वेळी मी एक ओळ न तपासता उतरवली. तपासली तीही फक्त इंग्रजी लिहून. मोठ्या बाबूंचा यात काही दोष नाही."

मग सगळ्यांसमोर टाइप केलं, 'एसटीटीवाय -आयस्ट्रिप'. फक्त एक उणे चिन्ह. आणि काकाजींना म्हणालो, "लिहा आता."

त्यांनी कापड बाजूला केलं. बोटं जरा थरथरत होती. एकेक कळ शोधत त्यांनी लिहिलं. पडद्यावर स्वच्छ उमटलं, 'वरूड'.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही. साहेब थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मोठे बाबू, मी तुम्हाला उगीच बोललो." आणि खोलीत निघून गेले.

काकाजी माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मले वाटे का मी काही नाई केलं. पन मंग वाटे, का न जानो, लागला असंन हात कुठं. आठ दिवस माया हाताचा मलेच भरोसा रायला नोता, पोट्ट्या."

हे वाक्य मला साहेबांच्या कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं. आपल्या न सांगितलेल्या चुकीचं ओझं असं दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. आणि त्या बिचाऱ्याला ते आपलंच वाटू लागतं!

त्या दिवशी दोन कामं झाली. पहिलं, बिघडलेली वीस-बावीस नावं आम्ही परत मिळवली. प्रत्येक खुणेत १२८ मिळवायचे, की मूळ अक्षर हजर! मी आकडे सांगत होतो आणि काकाजी आपल्या कागदावरून ताळा पाहत होते. एकही नाव हुकलं नाही. दुसरं, काकाजींनी एक कोरी वही काढली. रेघा मारून चार रकाने पाडले : तारीख, काय बदललं, आधी काय होतं, कोणी बदललं. पहिली नोंद मला माझ्या हातानं करायला लावली.

"आता कोनाचं नाव फुकट बदनाम नाई होनार," ते म्हणाले.

पुढे मला कळलं, की युनिक्सनंही याची सोय करून ठेवली आहे. 'एसटीटीवाय -जी' म्हटलं, की सध्याची सगळी मांडणी एका ओळीत मिळते. ती जपून ठेवायची आणि काही बिनसलं तर जशीच्या तशी परत लावायची. फारच गोंधळ झाला, तर 'एसटीटीवाय सेन' म्हणायचं. सेन म्हणजे शहाणा. 'शहाण्यासारखा वाग' म्हटलं, की टर्मिनल बहुतेक वेळा ताळ्यावर येतं!

आज ती टर्मिनलं भंगारात गेली. मराठीसाठी आता जगभर 'युनिकोड' वापरतात. त्यातली देवनागरीची जागा इस्कीच्याच धर्तीवर आखलेली आहे. तुमच्या घरच्या मोबाइलवर आईबाबा मराठीत निरोप लिहितात, तो त्याच्याच जोरावर. बहुतेक ठिकाणी युनिकोड ज्या पद्धतीनं पाठवतात, तिच्यात एका देवनागरी अक्षरासाठी आठ-आठ दिव्यांच्या तीन ओळी लागतात. आणि काय सांगू, तिन्ही ओळींत तो १२८ चा दिवा लागलेलाच असतो!

तुमच्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर सरांना किंवा बाईंना विचारून त्यावर 'टर्मिनल' नावाची खिडकी उघडा. आता तिथे खरं यंत्र नाही, नुसतं त्याचं सोंग आहे. पण 'एसटीटीवाय -ए' लिहा, तेच जुने शब्द अजूनही दिसतील. त्यांत 'आयस्ट्रिप' शोधा. त्याच्या आधी एक लहानसं उणे दिसेल. ते दिसलं की माझी आठवण काढा! आज्ञा मात्र इंग्रजी अक्षरांत लिहायची, आणि काही बदलण्याआधी ते कसं होतं हे वहीत लिहून घ्यायचं. एवढं पथ्य पाळा.

आणि हो, जाता जाता एक कोडं. इस्कीत 'क' चा आकडा १७९, 'म' चा २०४ आणि 'ल' चा २०९. आठवा दिवा विझला तर 'कमल' चं काय होईल? मदत म्हणून सांगतो, शून्य या अंकाच्या खुणेचा आकडा ४८, एक या अंकाच्या खुणेचा ४९. पुढचं तुम्ही मोजा. आईबाबांनाही बसवा बरोबर. बघू कोणाला आधी येतं ते!